डॉक्टरांची फी कोण देतो?

पनवेलच्या एस. टी. स्थानकाकडून बाजारपेठेत जाताना दवाखान्यांच्या पाट्या सावकाश वाचल्या, तर त्यांचे सरळसरळ दोन गट पडतात. पहिल्या गटातील पाटीवर डॉक्टरांचे नाव, पदवी आणि सकाळ-संध्याकाळच्या वेळा एवढाच मजकूर असतो. दुसऱ्या गटातील पाट्या मोठ्या असतात आणि त्यांच्याखाली ‘येथे कॅशलेस सुविधा उपलब्ध’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. अलीकडे मात्र काही छोट्या रुग्णालयांच्या काउंटरवर एक तिसराच कागद चिकटवलेला दिसतो. ‘अमुक कंपन्यांची कॅशलेस सेवा बंद आहे. बिल भरून नंतर क्लेम करावा,’ एवढाच त्यावरचा मजकूर. या दोन वाक्यांमागे डॉक्टर, विमा कंपनी आणि रुग्ण यांच्यातील एक मोठे भांडण दडलेले आहे. ते भांडण कशाचे आहे आणि त्यात आपण कोठे उभे आहोत, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या विषयाकडे मी पुस्तकातून वळले नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे आळीतील कोणाच्याही घरी इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. पूर्वी हे कागद बँकेचे आणि जमिनीचे असत. आता ते बहुतेक विम्याचे असतात. ते वाचून दाखवता दाखवता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आजारपणात लोक ‘डॉक्टर कोण?’ असे विचारतात. पण डॉक्टर आपल्याशी कसे वागणार, हे पुष्कळदा दुसऱ्याच एका प्रश्नावर ठरते. तो प्रश्न म्हणजे, डॉक्टरांची फी कोण देतो?

फी देण्याच्या तीन रीती

पहिली रीत सर्वांत जुनी. रुग्णाने डॉक्टरांना पैसे द्यायचे आणि औषध घेऊन घरी यायचे. आमच्या गावाकडे तर डॉक्टर उधारीची वही ठेवत. भात झोडून झाले, चार पैसे हाती आले की वहीतले नाव खोडले जाई. येथे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये तिसरे कोणी नाही.

दुसरी रीत मुंबईच्या गिरणी कामगारांनी जवळून पाहिली. १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली. कामगाराच्या पगारातून थोडी वर्गणी कापायची, मालकाने त्यात आपली भर घालायची आणि त्या निधीतून औषधोपचार करायचे, अशी ही योजना. १ जुलै २०१९ पासून हे प्रमाण कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के असे ठरवण्यात आले. मुंबईत या योजनेसाठी खासगी डॉक्टरांचे पॅनेल करण्यात आले. पॅनेल डॉक्टरांना प्रत्येक भेटीची फी मिळत नसे. त्यांच्याकडे जितक्या कामगारांची नावे नोंदलेली, त्या संख्येनुसार वर्षाची ठरावीक रक्कम मिळे. कामगार वर्षातून एकदा येवो की वीस वेळा, रक्कम तेवढीच.

तिसरी रीत आजच्या आरोग्य विम्याची. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ जानेवारी १९७३ पासून नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या काम पाहू लागल्या. १९८६ साली त्यांनी ‘मेडिक्लेम’ आणला. तेव्हाचा मेडिक्लेम म्हणजे नुसती भरपाई होती. रुग्णाने बिल भरावे, कागद जोडावेत आणि कंपनीकडून पैसे परत मिळवावेत. डॉक्टरांचा कंपनीशी काही संबंध येत नसे. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले व खासगी कंपन्यांना दार उघडले. २००१ मध्ये टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेमचे काम पाहणाऱ्या मध्यस्थ संस्थांचे नियम झाले आणि कॅशलेसचा प्रसार झाला. आता कंपनी रुग्णालयाला थेट पैसे देऊ लागली. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये तिसरी खुर्ची मांडली गेली ती अशी.

यांतील कोणतीही रीत निर्दोष नाही. दर भेटीला फी असली, तर रुग्णाला पुन्हा पुन्हा बोलावण्याचा मोह होऊ शकतो. वर्षाची ठरावीक रक्कम असली, तर रुग्णाला झटपट वाटेला लावण्याचा मोह होऊ शकतो. पैसे कंपनी देणार असली, तर रुग्णालयाला बिल फुगवण्याचा आणि कंपनीला ते कापण्याचा मोह होऊ शकतो. डॉक्टर सज्जन असतील तर ते मोहाला बळी पडत नाहीत, हे खरे. पण व्यवस्था अशी असावी की सज्जनपणाला रोज परीक्षा द्यावी लागू नये.

डॉक्टर का बाहेर पडतात?

अमेरिकेत या तिसऱ्या खुर्चीचा कंटाळा येऊन काही डॉक्टर विमा कंपन्यांशी संबंधच तोडू लागले. तेथे साध्या खोकल्याच्या तपासणीचे बिलही विमा कंपनीकडे जाते. त्यासाठी दवाखान्यात कारकून ठेवावे लागतात आणि डॉक्टरांचा बराच वेळ कागद भरण्यात जातो. म्हणून काही डॉक्टरांनी ठरवले की विमा कंपनीला बिल पाठवायचेच नाही. रुग्णाने दरमहा ठरावीक वर्गणी थेट डॉक्टरांना द्यावी आणि लागेल तेव्हा यावे. या पद्धतीला तेथे ‘डायरेक्ट प्रायमरी केअर’ म्हणतात. १९९६ मध्ये सिएटल शहरात श्रीमंतांसाठी असा एक महागडा दवाखाना निघाला होता. त्याच शहरात २००७ मध्ये सामान्य माणसासाठी ‘क्लायन्स’ नावाची संस्था निघाली. पण २०१७ मध्ये ती बंद पडली. म्हणजे कल्पना चांगली असली तरी ती चालवणे सोपे नाही.

आपल्याकडील कोणाही डॉक्टरांना हे ऐकून हसू येईल. कारण आपल्या गल्लीतील डॉक्टर विमा कंपनीतून बाहेर पडण्याचा प्रश्नच नाही. ते कधी आत गेलेच नव्हते. आपल्या आरोग्य विम्याचा मुख्य भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. सर्वसाधारणपणे चोवीस तास दाखल असल्याखेरीज क्लेम होत नाही. मोतीबिंदूसारख्या दिवसभरात आटपणाऱ्या शस्त्रक्रियांना तेवढा अपवाद आहे. ताप, खोकला, मधुमेहाच्या गोळ्या, रक्ताची तपासणी हा नेहमीचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही. तो खिशातूनच होतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला होता.

आपल्याकडे खरा प्रश्न आहे तो दहा-वीस खाटांच्या छोट्या रुग्णालयांचा. पनवेलसारख्या गावात बाळंतपण, हर्निया, अपेंडिक्स, मोडलेले हाड यांसाठी माणसे प्रथम तेथेच जातात. असे रुग्णालय कंपनीच्या यादीत आले की त्याला कंपनीने ठरवलेले दरपत्रक मान्य करावे लागते. रुग्ण दाखल झाला की आधी मंजुरीचा अर्ज पाठवायचा. कंपनीकडून शंका आली की तिचे उत्तर द्यायचे. सुटीच्या दिवशी अंतिम मंजुरीची वाट पाहायची. नंतर बिलाची रक्कम कधी येते आणि त्यातून किती कापले जाते, याकडे डोळे लावून बसायचे. मोठ्या रुग्णालयात या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. छोट्या ठिकाणी डॉक्टर, त्यांची पत्नी आणि एक कंपाउंडर एवढेच मनुष्यबळ असते. दर जुने, पैसे उशिरा आणि कागद फार, अशी त्यांची तक्रार असते. मग एके दिवशी काउंटरवर तो कागद चिकटतो.

मोठ्या रुग्णालयांचेही कंपन्यांशी खटके उडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये खासगी रुग्णालयांच्या एका राष्ट्रीय संघटनेने उत्तर भारतातील आपल्या सभासदांना पुण्यात मुख्यालय असलेल्या बजाज अलियान्झच्या ग्राहकांची कॅशलेस सेवा १ सप्टेंबरपासून थांबवण्यास सांगितले. कारण हेच, जुने दर आणि कापाकापी. पुढे चर्चा होऊन ते पाऊल मागे घेण्यात आले.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. जुलै २०१० मध्ये चारही सरकारी कंपन्यांनी मुंबई, दिल्ली यांसारख्या शहरांतील अनेक मोठ्या रुग्णालयांची कॅशलेस सेवा बंद केली. विमा असलेल्या रुग्णाचे बिल मुद्दाम जास्त लावले जाते आणि गोळा होणाऱ्या हप्त्यापेक्षा क्लेमच जास्त होतात, असे त्यांचे म्हणणे होते. ठरवलेल्या दरात काम करणाऱ्या निवडक रुग्णालयांची यादी तेव्हापासून पुढे आली. क्लेमचा पैसा शेवटी सर्व विमेदारांच्या हप्त्यातूनच येतो. तेव्हा फुगवलेले बिल म्हणजे आपल्याच शेजाऱ्याच्या खिशात घातलेला हात होय.

रुग्णाच्या वाट्याला काय येते?

डॉक्टर यादीतून बाहेर पडले की त्यांचा विमा कंपनीशी संबंध संपतो. रुग्णाचा मात्र संपत नाही. उलट आता तो एकटाच कंपनीपुढे उभा राहतो. हे कसे होते ते एका उदाहरणाने सांगते.

आमच्या आळीतील एका काकूंचे पोटाचे ऑपरेशन झाले. नेहमीच्या डॉक्टरांवर विश्वास, म्हणून त्या त्यांच्याच रुग्णालयात गेल्या. ते रुग्णालय काही महिन्यांपूर्वीच यादीतून बाहेर पडले होते. पॉलिसी दोन लाखांची होती. बिल झाले ६२,००० रुपये. काकांनी कानातले गहाण ठेवून आणि उसनवारी करून ते भरले. क्लेमचे कागद मी भरले. दीड महिन्याने कंपनीकडून ४२,००० रुपये आले. ‘वीस हजार कोणी खाल्ले?’ असे काकांनी मला विचारले. मी पॉलिसी पुन्हा वाचली, तेव्हा हिशोब सापडला.

पॉलिसीत खोलीचे भाडे दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे २,००० रुपये एवढेच मंजूर होते. घेतलेली खोली ३,००० रुपयांची होती. चार दिवसांचे १२,००० झाले. कंपनीने ८,००० दिले. येथवर कोणालाही समजेल. पण खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली, तर त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी, भूल आणि ऑपरेशन थिएटर यांचा खर्चही कापला जातो, असे कलम त्यात होते. हा खर्च ३६,००० होता. त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे २४,००० मंजूर झाले. औषधांचे १०,००० पूर्ण मिळाले. हातमोजे वगैरे किरकोळ वस्तूंचे ४,००० पॉलिसीत बसतच नव्हते. बेरीज केली की बरोबर ४२,००० येते. कोणीही काही खाल्ले नव्हते. सारे काही छापलेले होते. फक्त ते दाखल होण्यापूर्वी कोणी वाचून दाखवले नव्हते. एक हजार रुपयांनी स्वस्त खोली घेतली असती, तर कंपनीने ५४,००० दिले असते आणि काकूंच्या घरून फक्त हातमोज्यांचे चार हजार गेले असते.

रुग्णालय यादीत असते तरी हे कलम लागूच होते. पण तेथे निदान मंजुरीच्या वेळी कोणीतरी ‘या खोलीत पैसे कापले जातील’ असे सांगण्याचा संभव असतो. यादीबाहेर ते सांगण्याचे काम कोणाचेच नसते.

या प्रश्नाची दखल सरकारी पातळीवर घेतली गेली आहे. जानेवारी २०२४ मध्ये विमा कंपन्यांच्या मंडळाने यादीबाहेरच्या रुग्णालयांतही कॅशलेस देण्याची योजना जाहीर केली. ठरलेल्या उपचारासाठी ४८ तास आधी आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवावे, अशी तिची अट होती. मे २०२४ च्या परिपत्रकाने नियामक प्राधिकरणाने कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि घरी सोडतानाची मंजुरी तीन तासांत देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. नियम चांगले आहेत. पण एखाद्या डॉक्टरांना कंपनीशी व्यवहारच नको असेल, तर हे नियम रुग्णाच्या फारसे कामी येत नाहीत.

गरिबांसाठी आपल्या राज्याने वेगळी वाट काढली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड जिल्हा होता. १ एप्रिल २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. सुरुवातीला दीड लाख असलेली मर्यादा वाढवून पाच लाख करण्याचा आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना तिचा लाभ देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. परंतु येथेही रुग्णालयाने योजनेत सामील होणे आवश्यक असते. सरकारी दर परवडत नाहीत म्हणून खासगी रुग्णालय बाहेर राहिले, तर शिधापत्रिका हातात असूनही रुग्णाला दुसरे दार शोधावे लागते.

खरे स्वातंत्र्य कोणते?

मग डॉक्टरांनी विमा कंपन्यांपासून स्वतंत्र राहणे चांगले की वाईट? माझ्या मते हा प्रश्न अर्धवट आहे. कंपनीपासून स्वतंत्र झालेला डॉक्टर आणखी कोणाला बांधलेला आहे का, हेही विचारले पाहिजे.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे मरत. त्या दंशाचा हृदयावर होणारा परिणाम त्यांनी अभ्यासला, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या विख्यात नियतकालिकात आपले संशोधन प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी महाडमध्येच स्वतःचे रुग्णालय चालवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. येथे मला त्यांची आठवण होते ती दुसऱ्या कारणाने. २०१३ मध्ये रुग्णाला तपासणीसाठी पाठवल्याबद्दल एका तपासणी केंद्राकडून त्यांना १,२०० रुपयांचा धनादेश आला. तो त्यांनी परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. या ‘कट’ पद्धतीत विमा कंपनी कोठेही नाही. रुग्ण रोख पैसे देतो आणि त्यातलाच वाटा गुपचूप परत फिरतो. ज्या डॉक्टरांच्या भाकरीत असा वाटा आहे, ते विमा कंपनीपासून कितीही दूर असले तरी स्वतंत्र नव्हेत.

तेव्हा माझ्या समजुतीप्रमाणे स्वातंत्र्याच्या दोन कसोट्या आहेत. डॉक्टरांना रुग्णाखेरीज कोणाकडूनही छुपे पैसे मिळत नसावेत, ही पहिली. रुग्णाला खर्च आधी कळावा, ही दुसरी. दर गुप्त असेल तर थेट पैसे देणारा रुग्णही स्वतंत्र नसतो. तो फक्त एकटा असतो.

दुसऱ्या कसोटीसाठी कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे रुग्णालयांवर बंधनकारक करण्यात आले. बिल राहिले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हेही त्या नियमांत स्पष्ट केले आहे. दरपत्रक कोठे लावले आहे, असे आपण कधी विचारतो का? भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण दवाखान्यात भाव विचारणे असभ्यपणाचे मानतो. डॉक्टर देव आहेत, या भावनेत आदर आहे, पण भीतीही आहे.

माझा निष्कर्ष थोडक्यात असा. ताप-खोकल्यासाठी गल्लीतील डॉक्टर स्वतंत्र असणे आपल्या हिताचेच आहे. शंभर-दोनशे रुपयांच्या फीसाठी मध्ये कंपनी आणली, तर कागदाचाच खर्च फीपेक्षा जास्त होईल. पण ऑपरेशनसारखा मोठा खर्च एका कुटुंबाने एकट्याने पेलण्यासारखा नसतो. तो अनेकांनी मिळूनच उचलला पाहिजे, मग तो विम्यातून असो किंवा करातून. तेथे डॉक्टरांनी बाहेर पडणे म्हणजे ओझे स्वतःच्या खांद्यावरून काढून रुग्णाच्या डोक्यावर ठेवणे होय. त्यांना आत ठेवायचे असेल, तर कंपन्यांनी व सरकारने दर वेळोवेळी सुधारले पाहिजेत आणि पैसे वेळेवर दिले पाहिजेत. आपल्या पनवेलचे डॉ. नानासाहेब धर्माधिकारी उपजिल्हा रुग्णालय सक्षम राहणेही तितकेच महत्त्वाचे. सरकारी दार सदैव उघडे असले, तर खासगी दारातील भावही ताळ्यावर राहतो.

हे मोठे बदल आपल्या हातात नाहीत. एक छोटी गोष्ट मात्र आहे. दाखल होण्यापूर्वी चार प्रश्न विचारले पाहिजेत. हे रुग्णालय आपल्या कंपनीच्या किंवा योजनेच्या यादीत आज आहे का? पॉलिसीत खोलीची मर्यादा किती? अंदाजे खर्च लिहून मिळेल का? क्लेम मला करावा लागला, तर कोणकोणते कागद मूळ प्रतीत लागतील? आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर हिवाळ्यात एखाद्या गावी जाते. आपण तेथे रस्ते झाडतो, बंधारे बांधतो. यंदा त्यात रोज संध्याकाळी एक तास असा ठेवावा, की गावकऱ्यांनी आपापली पॉलिसी आणि शिधापत्रिका घेऊन यावे आणि आपण ती त्यांना मराठीत वाचून दाखवावी. प्राध्यापकांनी मनावर घेतले, तर पहिल्या दिवशी सतरंजी अंथरायला मी येईन.